ब्राउझर मेमरी खातो, म्हणजे नेमकं कोण खातं?

(बीबी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, विषय ऐकून दोघा-तिघांनी मला विचारलं, सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं संगणकाच्या मेमरीत काय काम? काम एवढंच, की एखाद्या गोष्टीचं कारण कसं ठरवायचं हा आमच्या शास्त्राचा फार जुना प्रश्न आहे. आणि आज गावोगावी जो माणूस 4 जीबीच्या संगणकासमोर डोकं धरून बसलेला असतो, त्याला हाच प्रश्न पडलेला असतो. प्रवेशाचा फॉर्म अर्धा भरला, पान अडकलं. पीक विम्याची शेवटची तारीख, बाहेर रांग, आणि माऊस हलत नाही. मग कोणी म्हणतो व्हायरस आहे, कोणी म्हणतो नेट स्लो आहे, आणि दुकानदार म्हणतो नवीन मशीन घ्या. चाळीस हजार रुपयांचा निर्णय आपण अंदाजावर घेतो. तेव्हा जरा नीट बघू.

पहिली गोष्ट. मेमरी म्हणजे रॅम, आणि हार्ड डिस्क वेगळी. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, डिस्क म्हणजे कोठी. ओट्यावर जे मांडलंय तेवढ्यावरच हात लगेच चालतो. आता ओटा भरलेला दिसणं हा काही आजार नाही. रिकाम्या ओट्याचं करायचं काय? म्हणून 'ब्राउझरने दीड जीबी घेतली' एवढ्या वाक्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आजार कधी? ओट्यावर जागा उरत नाही, आणि एक भांडं ठेवायला दुसरं कोठीत न्यावं लागतं, लगेच तेच परत लागतं म्हणून आणावं लागतं. मग सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो, स्वयंपाक होतच नाही. संगणकशास्त्रात याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी 1968 साली याची नीट मांडणी केली, त्याला आता पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला. मशीन बदलली, दुखणं तेच आहे.

हे ओळखायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी नव्वदच्या वर आणि त्याच वेळी डिस्क शंभर टक्क्यांजवळ, असं दोन्ही दिसलं तर मेमरीचा संशय घ्यायला जागा आहे. मेमरी निवांत आहे आणि तरी पान फिरतच राहतंय, तर दोष बहुधा नेटचा किंवा पलीकडच्या सर्व्हरचा. तिथे मग मेमरीच्या मागे लागू नका.

त्याच यादीत क्रोमची दहा-पंधरा नावं दिसतात आणि लोक घाबरतात. घाबरू नका, ती रचनाच आहे. 2008 साली क्रोम आला तो हीच कल्पना घेऊन, की पानांची प्रक्रिया वेगवेगळी चालवायची. त्याआधी एक पान कोसळलं की अख्खा ब्राउझर कोसळायचा. पुढे जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली उणीव जाहीर झाली. एका साइटच्या कोडला त्याच प्रक्रियेतली दुसऱ्या साइटची माहिती चोरून वाचता येईल, अशी ती भानगड. त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक साइटला वेगळी खोली दिली. गूगलनेच सांगितलं की यामुळे मेमरी 10 ते 13 टक्के जास्त लागेल. म्हणजे ही उधळपट्टी नाही, तुमच्या बँकेच्या पानाभोवतीची भिंत आहे. मेमरी वाचवण्यासाठी ही सोय बंद करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता मुख्य मुद्दा, आरोपी शोधायचा. क्रोमला स्वतःचा वेगळा टास्क मॅनेजर आहे. ब्राउझर उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. प्रत्येक टॅब, प्रत्येक एक्स्टेन्शन आणि त्यापुढे मेमरी, असं दिसतं. मेमरीच्या मथळ्यावर टिचकी मारली की खादाड वर येतो. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाउट', मग कोलन, मग 'प्रोसेसेस' असं लिहायचं. (विसर्ग नाही, कोलन! — हशा)

पण यादीत वर आहे म्हणून तोच दोषी, असं लगेच म्हणू नका. नैयायिकांनी यासाठी अन्वय-व्यतिरेक सांगितलाय. एक असताना दुसरं असतं, आणि ते नसताना दुसरंही नसतं, अशी दोन्ही बाजूंनी खात्री करायची. इथे ते सोपं आहे. सगळं तसंच ठेवून फक्त एक गोष्ट बदला. तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे एक्स्टेन्शन मुळात बंद असतात, आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर. फायरफॉक्समध्ये मदतीच्या यादीत ट्रबलशूट मोड आहे. तिथे त्रास थांबला तर संशय एक्स्टेन्शनवर जातो. ती बारा असतील तर एकेक बंद करत बसू नका. सहा बंद करा. त्रास गेला तर चोर त्या सहांत. मग त्यातली तीन. चार फेऱ्यांत सापडतो. अर्थात चोर एकटा असेल तर. दोघांची टोळी असेल तर पुन्हा बसावं लागतं.

इथल्याच एका फॉर्म भरण्याच्या दुकानात आम्ही हे करून पाहिलं. चौदा टॅब उघडे होते, मला वाटलं गर्दीच भोवली. पण टॅब तसेच ठेवून एक्स्टेन्शन बंद केली आणि मशीन चालू लागलं. फुकटच्या कुठल्याशा पीडीएफ सॉफ्टवेअरबरोबर भाव तुलना करून दाखवणारं एक्स्टेन्शन आलं होतं. ते प्रत्येक टॅबमध्ये डोकावत होतं. कोणी बसवलं? कोणालाच आठवत नव्हतं.

आणि आता गाढवाची गोष्ट. न्यायशास्त्रात घडा घडतो त्याची कारणं मोजतात: माती, चाक, दंड, कुंभार. मग विचारतात, माती वाहून आणणारं गाढव? घड्याच्या आधी तेही होतंच की! पण ते घड्याचं कारण नाही, ते अन्यथासिद्ध. त्याच्यावाचूनही घडा झाला असता. आपल्याकडे कॅश आणि हिस्टरी साफ करणं हे असं गाढव आहे. माणूस हिस्टरी पुसतो, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडतो आणि म्हणतो, बघा, पळायला लागला! अहो, बंद करून उघडल्याने रॅम मोकळी झाली. हिस्टरी डिस्कवर होती. एकदा हिस्टरी न पुसता नुसता बंद-चालू करून बघा. 'रॅम क्लीनर' हे दुसरं गाढव. ते ओट्यावरचं सामान कोठीत ढकलतं, आकडा खाली येतो, आणि दोन मिनिटांत तेच सामान परत आणावं लागतं.

गळती हा मात्र खरा रोग आहे. ब्राउझरमध्ये कचरा गोळा करणारी यंत्रणा असते, त्यामुळे आकडा चढतो, उतरतो, करवतीच्या दात्यांसारखा. हे ठीक. पण एखादा टॅब नुसता उघडा ठेवलाय, तुम्ही हातही लावला नाही, आणि तासभर दर पंधरा मिनिटांनी नोंद केली तर आकडा चढतच जातो, उतरत नाही, तर ती गळती. पानाच्या कोडने जुन्या गोष्टींचं बोट सोडलेलं नसतं, म्हणून यंत्रणेला त्या कचरा म्हणता येत नाहीत. फायरफॉक्सवाल्यांनी 2011 पासून या कामासाठी मेमश्रिंक नावाची मोहीमच चालवली, आणि बरीचशी गळती ब्राउझरची नसून ॲड-ऑनमुळे होते असं दिसून आलं. 2012 च्या फायरफॉक्स 15 मध्ये त्यावर मोठा उपाय झाला. आपल्या हातात काय? तो टॅब बंद करून नव्याने उघडायचा, आणि साइटवाल्यांना कळवायचं.

क्रोममध्ये आता मेमरी सेव्हर आहे, सेटिंगमध्ये परफॉर्मन्स या नावाखाली. वापरात नसलेला टॅब तो झोपवतो, परत गेलात की पान नव्याने आणतो. अर्धा भरलेला फॉर्म असेल तर तो टॅब न झोपवण्याची काळजी घेतो म्हणतात. तरी तिथेच कायम जागं ठेवायच्या साइटची यादी आहे. फॉर्मची साइट त्यात घाला.

एवढं सगळं करून, एकही एक्स्टेन्शन नाही, एकच टॅब, तरी मेमरी भरतेच, तेव्हा मात्र रॅम वाढवा. नवीन मशीन नव्हे, रॅम. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर पक्की बसवलेली असते, आधी विचारून घ्या. विंडोज 7 असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती, जानेवारी 2023 ची. पैशांचे व्यवहार तिच्यावर करू नयेत.

प्रश्न : सर, फी भरतानाच अटकलं तर काय करावं? पुन्हा बटण दाबावं काय?

नाही बाळ, दाबू नको. रिफ्रेशही करू नको. आधी मोबाइलवर बँकेचा मेसेज आला का बघ. मेसेज आला असेल किंवा नसेल, दोन्ही वेळा दुसऱ्या फोनवरून त्याच साइटवर लॉगिन करून फी जमा दिसते का ते पाहा. पैसे कापले गेले आणि तिथे जमा दिसत नसतील, तर व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेव आणि थोडा वेळ थांब, बरेचदा उशिरा जमा होते. आणि फीच्या पानावर जायच्या आधीच बाकीचे टॅब बंद करायचे, गाणी लावलेला तो टॅब सुद्धा.