पुढल्या चाकांचे बळ

भिवंडीच्या आसमंतात, माणकोली, पूर्णा, काल्हेर, वळ, दापोडे या गावांच्या शिवारात, जिथे एके काळी भाताची खाचरे होती तिथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. आणि यंत्रमागांचे सूत, कापडाचे तागे व देशभर जाणारा नाना तऱ्हेचा माल यांची जी अहोरात्र ने-आण तिथे चालते, तिचा मोठा भार पिकअप नावाच्या लहान मालवाहू गाडीने उचललेला आहे. डांबरी रस्त्यावर ही गाडी विश्वासू खरी. परंतु पावसाळा सुरू होऊन गोदामांच्या कच्च्या आवारात खाचरांची मूळ चिकणमाती वर येऊ लागली, किंवा माल उतरवलेली गाडी वज्रेश्वरीकडच्या एखाद्या वीटभट्टीच्या वाटेने परतू लागली, की तिची मागची चाके जागच्या जागी फिरत राहतात, आणि पुढल्या चाकांनाही इंजिनाचा जोर देता येईल काय, असा प्रश्न मालकाच्या मनात येतो.

हा प्रश्न रास्त आहे, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. चाकाची पकड त्याच्यावर पडणारा भार आणि जमिनीचे घर्षण यांवर अवलंबून असते. रिकाम्या पिकअपमध्ये इंजिन पुढे आणि हौदा मोकळा, म्हणजे भार पुढल्या चाकांवर व जोर मात्र मागल्या चाकांना, अशी विसंगत वाटणी झालेली असते. गाडी १७०० किलोची व त्यांतले ७०० किलो मागल्या आसावर आहेत असे धरले, आणि चिखलाचा घर्षणांक ०.३ मानला, तर मागली चाके फार तर २१० किलोभाराइतका रेटा देतील. उलट रुतलेल्या गाडीला होणारा विरोध वजनाच्या १५ टक्के धरला तरी तो २५५ भरतो, आणि गाडी अडकते. चालक मंडळी हौद्यात दोन क्विंटलची पोती टाकतात, त्याने रेटा २७० पर्यंत चढतो, पण वजनाबरोबर विरोधही वाढून २८५ वर जातो! चारही चाके ओढू लागली की पोत्यांवाचूनच ५१० चा रेटा मिळतो.

या गाड्यांच्या कुळात ही विद्या परकी नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप मुळात चारही चाकांनी ओढणारी. मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली, आणि पुढे डांबरी रस्त्यांच्या व स्वस्ताईच्या सोयीसाठी त्याच परंपरेतील अनेक गाड्यांचा पुढला चालता आस, म्हणजे चाकांना जोर देणारा आस, गळाला. दोन चाकांनी ओढणारी मालमोटार चारही चाकांनी ओढणारी करण्याचा उद्योगही जुना आहे: अमेरिकेतील मार्मन-हेरिंग्टन कंपनी १९३५ च्या सुमारापासून फोर्डच्या मालमोटारींवर हेच काम करीत असे.

करावयाचे काय, तर गिअरपेटीच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणारी पेटी, बसवून तेथून एक शाफ्ट पुढे न्यावयाचा, आणि पुढे स्वतःचे डिफरन्शियल असलेले हाउसिंग पाट्यांवर टांगावयाचे. सांगण्यास हे सोपे वाटते. पण खरी अडचण जोर पोहोचविण्यात नसून वेग जुळविण्यात आहे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत सुंदर भागही तोच होय. पुढले चाक वळतेही आणि फिरतेही, म्हणून त्याच्या शाफ्टात वाकणारा सांधा लागतो. साधा क्रॉसचा सांधा ३० अंशांनी वाकला की शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असूनही चाक प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे १५ टक्के पुढे धावते आणि दोनदा सुमारे १३ टक्के मागे रेंगाळते. सुकाणूला बसणारे हे हिसके घालविण्यासाठी १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने असा सांधा योजला की त्यातील पोलादी गोळ्या दोन्ही शाफ्टांमधील कोनाच्या नेमक्या दुभाजक प्रतलात राहतात, आणि वेग दोन्ही बाजूंना सारखाच पडतो.

दुसरी जुळवणी दातांची. मागल्या आसात ४१ दात विरुद्ध १० दात अशी क्राऊन-पिनियन, आणि भंगारातून आणलेल्या पुढल्या हाउसिंगात ४३ विरुद्ध ११, एवढ्याशा फरकाने पुढली व मागली चाके दर किलोमीटरला सुमारे ४७ मीटरांनी एकमेकांशी भांडतील. एका जुवाखाली निरनिराळ्या चालीचे बैल जुंपावेत तसा हा प्रकार. दात जुळले तरी वळण उरतेच: पुढल्या व मागल्या आसांत तीन मीटर अंतर असलेली गाडी, मागल्या आसाचा मध्य सहा मीटर त्रिज्येने जात असता, काटकोनात वळली, तर पुढल्या आसाचा मध्य एक मीटरहून अधिक अंतर जास्त कापतो. चिखलात चाक घसरून हा फरक पचवते. कोरड्या डांबरावर मात्र तो शाफ्टांना पीळ देत साचतो, म्हणून अशा गाडीत पुढला जोर तोडण्याची तजवीज अनिवार्य ठरते.

एवढे सर्व एखाद्या कुशल मिस्त्रीने साधले, तरी कायदा आड येतो, आणि तो उगाच येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ कायम केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तथापि गाडीचे इंधन बदलण्यास, म्हणजे मंजूर संच लावून गॅसवर चालविण्यास, हाच कायदा मुभा देतो. हीच वाट चालत्या आसाच्या संचालाही मोकळी व्हावी, असे मला मनापासून वाटते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेने सांध्याचा कोन, सुकाणूची परत फिरण्याची ओढ, ब्रेकच्या नळ्यांना मिळणारी मोकळीक आणि वाढलेल्या वजनामुळे घटणारी मालाची मर्यादा तपासून दाखला द्यावा, आणि परिवहन कचेरीने तो नोंदणी पुस्तकात चढवावा. तोवर ज्याचे पोटच कच्च्या वाटेवर आहे, त्याने कारखान्यातूनच चारही चाकांना जोर घेऊन आलेली गाडी, जुनी का होईना, पाहावी.