शिंपल्यांत साठलेला पावसाळा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु येथील प्राचीन पावसाचा एक दाखला समुद्राच्या तळाशी आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते आणि या खोऱ्याचा गाळ बंगालच्या उपसागरात जातो. 2006 साली राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाखाली गोदावरीच्या मुखासमोर सागरतळाचा वेध घेण्यात आला, तेव्हा हजारो वर्षांचा गाळ थराथरांनी हाती आला. त्यात वाळूच्या कणाएवढी कवचे होती.

ही कवचे पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांची होत. समुद्राच्या पाण्यातूनच हा जीव आपले चुनखडीचे कवच घडवितो. पाण्यातील प्राणवायूचे अणू मुख्यतः दोन प्रकारचे: हलका (16) व जड (18). वाफ होताना हलके अणू अधिक उडतात. म्हणून पावसाचे व नदीचे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते. गोदावरीला पूर आला की मुखाजवळच्या कवचांत हलका प्राणवायू वाढतो. पाऊस ओसरला की जड.

मात्र येथे एक पेच आहे. पाणी थंड झाले तरी कवचात जड प्राणवायू वाढतो. म्हणून कवचातील मॅग्नेशियम मोजून तापमानाचा वेगळा अंदाज घ्यावा लागतो. कवचातील प्राणवायूवरून तापमान ओळखण्याची युक्ती प्रथम हॅरॉल्ड युरी यांनी 1947 मध्ये सुचविली. 1951 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी ज्युरासिक काळातील बेलेम्नाइट या सागरी प्राण्याच्या जीवाश्माचे एकेक वलय तपासले आणि त्याने पाहिलेले चार हिवाळे व तीन उन्हाळे मोजले! गोदावरीच्या मुखाजवळचा जीव मात्र काही आठवडेच जगतो. त्यामुळे अनेक कवचे मिळूनच काळाचे चित्र उभे राहते.

2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे 4000 वर्षांपूर्वीपासून द्वीपकल्पाचा अंतर्भाग कोरडा होत गेला. गाळातील पानांच्या मेणाचे अंश कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढल्याचे सांगतात. कवचे गेल्या 3000 वर्षांत समुद्राचे पाणी अधूनमधून विलक्षण खारट झाल्याचे, म्हणजे गोड्या पाण्याची आवक घटल्याचे दर्शवितात.

प्रवरेकाठचे दायमाबाद इ. स. पूर्व 1000 च्या सुमारास ओस पडले. दोन्ही घटनांचा मेळ घालण्याचा मोह होतो. पण ही कवचे साऱ्या खोऱ्याविषयी बोलतात, एका गावाविषयी नव्हे. तरीही त्यांचे मोल कमी नाही. भारतीय हवामान खाते 1875 मध्ये स्थापन झाले. 1972 चा दुष्काळ आपण मोजतो तो या अवघ्या दीडशे वर्षांच्या मापाने.

1976 मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाल्यापासून प्रवरेचा बराचसा गाळ नाथसागरातच अडतो.