चित्र शोधत आलेला पाहुणा



धर्मग्रामाच्या संकेतस्थळावर येणारा प्रत्येक जण मिस्साच्या वेळा पाहण्यासाठी येतो, असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात कित्येक पाहुणे एखाद्या छायाचित्राचे बोट धरून आत येतात. कोणी संताचे चित्र शोधत असतो, कोणी नाताळच्या गोठ्याची आरास, तर कोणी दूरदेशी राहून आपल्या गावच्या चर्चचे मुखदर्शन. हे पाहुणे कोणते शब्द टंकून आपल्यापर्यंत पोहोचले, हे जाणून घेण्याची सोय आहे. ती कशी चालते आणि तिचा उपयोग आपण कशासाठी करावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करू या.

गूगलने चित्रशोधाची सेवा २००१ साली सुरू केली. शोधयंत्र चित्राचा शोध घेताना चित्राभोवतीच्या शब्दांचा मोठा आधार घेते: चित्राच्या फाईलचे नाव, त्याखालील ओळ, पानाचे शीर्षक, शेजारचा मजकूर आणि चित्राला जोडलेले पर्यायी वर्णन. हे पर्यायी वर्णन मुळात दृष्टिहीन व्यक्तींसाठी असते. त्यांचा संगणक ते मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणजे जे वर्णन आपल्या दृष्टिहीन बांधवाला उपयोगी पडते, तेच शोधयंत्रालाही वाट दाखवते.

पूर्वी पाहुण्याचे शब्द कळणे सोपे होते. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना ब्राउझर मागील पानाचा पत्ता नव्या संकेतस्थळाला कळवत असे आणि शोधाचे शब्द त्या पत्त्यातच गुंफलेले असत. सर्व्हरच्या नोंदवहीत ते आपोआप उमटत. ऑक्टोबर २०११मध्ये गूगलने आपल्या खात्यात प्रवेश केलेल्या वापरकर्त्यांचे शोध सांकेतिक स्वरूपात पाठविण्याचे जाहीर केले आणि २०१३पर्यंत जवळजवळ सर्वच शोधांना तो नियम लागू झाला. तेव्हापासून नोंदवहीत पाहुणा गूगलकडून आला एवढेच दिसते, त्याने काय विचारले ते दिसत नाही.

आज ही माहिती गूगलच्या सर्च कन्सोल ह्या विनामूल्य साधनातून मिळते. संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध केल्यावर त्यातील कामगिरीचा अहवाल उघडावा आणि शोधाचा प्रकार 'चित्र' असा निवडावा. कोणत्या शब्दांसाठी आपले चित्र किती वेळा दाखवले गेले, किती वेळा त्यावरून कोणी आपल्या पानावर आले आणि यादीत आपले सरासरी स्थान कितवे होते, हे तेथे दिसते. मागील १६ महिन्यांची माहिती उपलब्ध असते. फारच थोड्या लोकांनी विचारलेले शब्द मात्र गुप्त ठेवले जातात, जेणेकरून शोधणाऱ्याची ओळख उघड होऊ नये. त्यामुळे शब्दांच्या यादीतील बेरीज एकूण आकड्याशी जुळली नाही, तर गोंधळून जाऊ नये.

आकडे वाचताना आणखी एक भान हवे. चित्र दिसणे आणि पाहुणा येणे ह्यांत मोठे अंतर आहे. पुष्कळ जण शोधाच्या पानावरच चित्र पाहून समाधानी होतात. २०१८च्या फेब्रुवारीत गूगलने चित्र थेट उघडणारे बटण काढून टाकले. पानाला भेट देण्याचा दुवा मात्र राहिला. तरीही हजार वेळा दिसलेले चित्र मोजक्याच पाहुण्यांना आत आणते, ह्यात नवल नाही.

आता एक उदाहरण घेऊ. संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे सुपुत्र. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर हौतात्म्य लाभले आणि १८६२ साली त्यांना संतपद बहाल झाले. समजा, एखाद्या धर्मग्रामाने त्यांच्या सणाची सुंदर छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवली; परंतु फाईलची नावे कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांचीच राहिली आणि खाली फक्त 'सणाची क्षणचित्रे' असे लिहिले. संतांचे नाव टंकणाऱ्या भाविकाला ही चित्रे सापडण्याची शक्यता फार कमी. ह्याउलट, अहवालात 'केकची सजावट' हेच शब्द वरच्या क्रमांकावर दिसले, तर समजावे की सणाच्या पानावरील केकने संतांना मागे टाकले आहे! केक शोधणारा पाहुणा क्षणात निघून जातो. त्याला दोष नाही. आपणच त्याला चुकीच्या दारी बोलावले.

म्हणून अहवाल पाहून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, लोक ज्या शब्दांनी शोधतात ते शब्द, खरे असतील तरच, चित्राखालील ओळीत वापरावेत. संतांचे नाव मराठीत वेगवेगळ्या प्रकारे लिहिले जाते, हेही ध्यानात ठेवावे. दुसरी, ज्या चित्रावर पाहुणे येतात त्या पानावर चार ओळींची तरी माहिती द्यावी: हे संत कोण, सण केव्हा, चर्च कोठे. तिसरी, पाहुणे वाढावेत म्हणून खोटे शब्द कधीही पेरू नयेत. ज्या दिव्याखाली अंधार आहे, तो वाटसरूला काय दाखवणार?

ह्या यादीची एक गंभीर बाजूही आहे. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या छायाचित्राखाली आपण कौतुकाने मुलांची पूर्ण नावे छापतो. उद्या त्या बालकाचे नाव टंकणाऱ्या कोणाही अनोळखी माणसासमोर त्याचा चेहरा, चर्च आणि गाव उभे राहते. शब्दांच्या यादीत एखाद्या बालकाचे नाव दिसले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. कायदा नसता तरीही लहानग्यांचे रक्षण हे आपले कर्तव्यच आहे. समूहाचे चित्र द्यावे, नावे टाळावीत, पालकांना आधी विचारावे. चित्र काढून टाकल्यावरही ते काही काळ शोधात दिसत राहते. तेव्हा जुना मजकूर वगळण्याची विनंती गूगलकडे करता येते.

इ. स. ६००च्या सुमारास पोप संत ग्रेगरी ह्यांनी मार्सेयच्या बिशपांना समजावले होते की, वाचता न येणाऱ्यांना चित्रे ग्रंथासारखी शिकवतात. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २०१२च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात शोधयंत्रांचा उल्लेख करून, त्यांकडे धावणाऱ्या माणसाच्या प्रश्नांमागील खोल शोध ओळखावा असे सुचवले. दोघांचा रोख एकच आहे: पाहणाऱ्या माणसाकडे लक्ष द्या.

योहानाच्या शुभवर्तमानात, मागोमाग येणाऱ्या दोघा शिष्यांना येशू सर्वप्रथम विचारतो की, ते काय शोधत आहेत. अहवालातील प्रत्येक शब्दामागे असाच कोणी तरी शोधणारा असतो. त्याचे नाव आपल्याला कळत नाही आणि कळूही नये. पण तो आपल्या दारी आलाच, तर त्याला केवळ चित्र नव्हे, येऊन पाहण्याचे निमंत्रणही मिळावे, हीच प्रभुचरणी प्रार्थना.