आधी विचारा, मग चालू करा

रिसोडच्या बाजारात हिशोबासाठी संगणक घेणाऱ्या व्यापारी व कारागीर बंधूंना लिनक्स ही मोफत प्रणाली परवडणारी आहे. मात्र तिच्यात बाहेरच्या कंपन्यांच्या सेवा आधीपासूनच चालू असाव्यात काय?

उबुंटू या लिनक्सच्या २०१२ सालच्या १२.१० आवृत्तीत तसे झाले. फाईल शोधण्यासाठी टाइप केलेले शब्द कॅनॉनिकल या तिच्या कंपनीच्या सर्व्हरवर जात आणि फाईलींसोबत अॅमेझॉनवरील माल दिसे. खरेदी झाल्यास कॅनॉनिकलला कमिशन मिळे. म्हणजे उधारीवाल्या ग्राहकाचे नाव शोधले, तरी ते दुकानाबाहेर गेले! ही सेवा बंद करता येत होती. पण ती चालू आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो बंद काय करणार? बरीच टीका झाली. अखेर २०१६ च्या १६.०४ आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवण्यात आली.

बाहेरच्या सेवा वाईटच असतात असे नाही. काही उपयुक्त प्रोग्राम त्यांच्याशिवाय मिळत नाहीत. फेडोरा वर्कस्टेशन ही दुसरी लिनक्स प्रणाली प्रथम सुरू करताना त्या हव्यात काय, असे विचारते. आमच्या मते हीच रीत योग्य. संगणक बसवून घेताना काय काय चालू आहे, हे बंधूंनी समोर बसून पाहून घ्यावे.