बोलेरोच्या टपाला भोक

नव्या गाडीच्या टपाला भोक पाडायचं म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. हप्ते फिटायचे असतात, बोनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून पुरतं पुसलेलं नसतं, आणि आपण ड्रिल घेऊन वर चढलेलो असतो. कऱ्हाडच्या माझ्या मित्राने बोलेरो कॅम्पर घेतली ती शेतीपंपाच्या धंद्यासाठी. पुढे चार दारांची केबिन, मागे हौदा. पंप, पाइप, केबलची भेंडोळी टाकून तो पाटण तालुक्यातली गावं फिरतो. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं लायसन्स त्याच्याकडे आधीपासून होतं. घरच्या गच्चीवर अँटेनाही होता. गाडीत वायरलेस सेट मात्र नव्हता.

तो हवा असं त्याला का वाटलं, हे पाटणच्या माणसाला सांगावं लागत नाही. जुलै 2021च्या पावसात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी आल्या आणि घरंच्या घरं गाडली गेली. डोंगरातल्या मोबाइल टॉवरचं आयुष्य म्हणजे वीज गेल्यावर त्याची बॅटरी तगेल तेवढंच. डिझेल भरलेली गाडी मात्र स्वतःचं वीजघर घेऊनच फिरत असते. 26 जानेवारी 2001च्या भुजच्या भूकंपात आणि 2004च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅम मंडळींनी निरोप पोचवले. ती उदाहरणं आमच्या गप्पांत हटकून निघतात. पण असा सेट कामाच्या दिवशी चालायचा असेल तर तो बसवतानाच नीट बसवायला हवा, आणि इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

लोक पैसे सेटवर घालतात. रंगीत पडदा, शेकडो चॅनेल, पन्नास वॅट. मग तो सिगारेट लायटरच्या खोबणीत खुपसतात, अँटेना जिथे जागा मिळेल तिथे चिकटवतात आणि महिन्याभरात म्हणतात, यापेक्षा मोबाइल बरा. माझं मत असं की सेट कोणताही चालेल. काम पाहायचं ते वायरीचं आणि पत्र्याचं.

आम्ही वापरतो ती लहर 145 मेगाहर्ट्झच्या आसपासची. तिची लांबी साधारण दोन मीटर. अँटेनाची काठी तिच्या एक चतुर्थांश, म्हणजे जवळपास पन्नास सेंटिमीटर. पण ही काठी म्हणजे अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा तिच्या बुडाखालचा पत्रा. काठीतून वर जाणाऱ्या प्रवाहाला जोडीदार लागतो, आणि तो पत्र्यावरून चहूबाजूंना पसरतो. काठीभोवती निदान काठीच्या उंचीएवढा सलग पत्रा असला की हिशोब जमतो. कॅम्परच्या टपाचा मध्य त्यासाठी नामी जागा आहे.

बाकीच्या जागांचा विचार केला नाही असं नाही. पुढच्या बंपरवर लावला तर केबिनच मागच्या दिशेला आड येते. हौद्याच्या कडेवर लावला तर पत्रा एकाच अंगाला, त्यामुळे लहरही तिरपी फेकली जाते. केबिनमागच्या लोखंडी रॅकवर लावायची कल्पना मित्राला फार आवडली होती, कारण तिथे भोक पाडावं लागत नाही. पण हौद्यात माणसं बसतात. कायदा काहीही म्हणो, खेड्यात बसतातच. रॅकवरची काठी नेमकी त्यांच्या तोंडापाशी येते, आणि पन्नास वॅट सोडणारी काठी कुणाच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असू नये. या मुद्द्यावर तो गप्प झाला. चुंबकी बूड वाईट नाही, माझ्या स्वतःच्या गाडीवर कित्येक वर्षं तेच आहे. मात्र त्याखाली धूळ अडकून रंग खरवडतो, केबल दाराच्या रबरात चेंगरते, आणि घाटातल्या आंब्याच्या फांदीने काठी एकदा का ओढली गेली की चुंबक रस्त्यावर पडतं. रोज रानात जाणाऱ्या गाडीला भोकच बरं.

भोक पाडण्यापूर्वीचं काम जास्त वेळखाऊ. केबिनमधला दिवा काढून तिथून अस्तर हळूच खाली ओढायचं आणि टॉर्च मारून पाहायचं. टपाच्या पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात, भोक त्यांच्यावर येता कामा नये. नव्या गाड्यांत कडेला, खांबाच्या वर, एअरबॅग घडी करून ठेवलेली असते, तिच्या वाटेत केबल घालायची नाही. मग वर चढून सुताने मध्य काढला, कागदी चिकटपट्टीची फुली मारली आणि पंचने एकच टिंब ठोकलं. काठीच्या बुडाला भोक लागतं पाऊण इंचाचं, म्हणजे 19 मिलिमीटरचं. त्यासाठी दातेरी वाटीसारखा होल सॉ येतो. त्याच्या दातांत आम्ही ग्रीस भरलं, म्हणजे लोखंडाचा कीस उडण्याऐवजी त्यात रुततो. टपावर राहिलेला एकेक कण पहिल्या पावसात गंजतो आणि पांढऱ्या रंगावर तपकिरी ओघळ सोडतो. मदतीला घेतलेल्या मिस्त्रीमामांनी स्पीकरमधलं जुनं चुंबक फडक्यात गुंडाळून सगळा टप पुसून घेतला. हे मला सुचलं नसतं.

ड्रिल फिरलं तेव्हा मित्र रस्त्यापलीकडे चहाला गेला होता. पत्रा पातळ असतो, काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं आणि पैशाएवढी चकती मामांच्या तळहातावर पडली. कानशीने कड गुळगुळीत केली. मग सगळ्यात महत्त्वाचं काम. खालच्या बाजूने भोकाभोवती अंगठीएवढ्या जागेतला रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं केलं. बुडाचे दात या उघड्या धातूत रुतले पाहिजेत. मध्ये रंग राहिला तर पाहणाऱ्याला सगळं ठीकठाक दिसतं आणि अँटेना अर्धाच राहतो. वर रबरी कडी, कडेला प्रायमरचं बोट, आणि मग पाना. जास्त आवळलं तर पत्र्याला खळगा पडतो, पाणी साठतं.

विजेच्या वायरीवरून मामांचं आणि माझं वाजलं. मामा ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, आख्खं आयुष्य ट्रकच्या वायरी ओढण्यात गेलेलं.

“सर, एवढी लांब काळी वायर कशाला वढताय? सीटखाली बॉडी अर्थ मारा की. समदी गाडी अर्थच हाय.”

“मामा, हेडलाइटला चालतं ते. याला नाही.”

“का नाय?”

सांगण्यापेक्षा मोजून दाखवलेलं बरं. बोलायचं बटण दाबलं की हा सेट दहा-अकरा अँपिअर ओढतो. बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत जायला-यायला मिळून आठेक मीटर तांबं. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर वाटेतच सहा दशांश व्होल्ट गळतो, सहा चौरसची घेतली तर पाव व्होल्ट. इंजिन बंद, बॅटरी साडेबारावर आणि त्यात हा गळका हिशोब, की सेट बोलता बोलता मान टाकतो. सीटखालचा बोल्ट तर पत्र्याच्या कितीतरी सांध्यांमधून बॅटरीकडे जातो, त्यातला कोणता गंजलाय कुणास ठाऊक. शिवाय अल्टरनेटरचा प्रवाह त्याच पत्र्यातून वाहतो आणि त्याची किणकिण आपल्या आवाजात मिसळते. मामांनी मीटरची दोन टोकं स्वतः लावून पाहिली, आकडा बघितला आणि काही न बोलता जाड वायरीचं बंडल उलगडायला घेतलं.

लाल वायर थेट बॅटरीवर, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. हा फ्यूज सेटसाठी नसतो, वायरीसाठी असतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून जाताना वायर घासली आणि तिचं कातडं सोललं, तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या जागी ओतते आणि आग लागते. फ्यूज सेटजवळ बसवला तर या आगीला तो नुसता साक्षीदार. काळी वायर जिथे बॅटरीची निगेटिव्ह पट्टी बॉडीला बोल्ट केलेली आहे तिथे. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, वायरीवर काळी नागमोडी नळी, दर वीतभर टाय. लग क्रिंप करून वर स्लीव्ह. मामांचं क्रिंपिंग मी ओढून पाहिलं, तसूभर हललं नाही.

सेटचा डबा मागच्या सीटखाली गेला, त्याचा तोंडवळा तेवढा डॅशबोर्डवर. दोन्ही वेगळे करून मध्ये केबल टाकता येते, त्यामुळे डॅशबोर्ड फोडावा लागत नाही. यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त डबा गरम होतो, त्याच्यावर पोती टाकायची नाहीत.

आता काठी कापणे. नवी काठी मुद्दाम लांब येते. मीटर लावला तर तिचा सूर 142 मेगाहर्ट्झवर लागत होता, आम्हाला हवा 145वर. या लांबीत एक सेंटिमीटर कापलं की सूर सुमारे तीन मेगाहर्ट्झ वर सरकतो. म्हणजे एक सेंटिमीटर कापायचं? छे. आधी चार मिलिमीटर, मग मोज, मग तीन, मग मोज. कापलेलं पोलाद परत चिकटत नाही. मोजताना दारं बंद हवीत, बोनेट खाली, आणि कुणी गाडीला टेकलेलं नको, कारण माणूसही त्या हिशोबात शिरतो. बघ्यांची गर्दी हटवताना माझा घसा बसला. शेवटी एसडब्ल्यूआर, म्हणजे परत येणाऱ्या शक्तीवरून निघणारं गुणोत्तर, दीडाच्या खाली आलं. दीडला चार टक्के शक्ती परत येते, दोनला अकरा, तीनला पंचवीस. चार टक्क्यांसाठी कुणी झोप घालवू नये. काही हॅम घालवतात.

इंजिन सुरू केलं आणि दुसरा अध्याय उघडला. डिझेलला स्पार्क प्लग नसल्यामुळे पेट्रोल गाडीची टकटक इथे नसते, ही एक मेहेरबानी. अल्टरनेटरची किणकिणही आली नाही, जाड वायरीने तिला दाबलं होतं. पण घरच्या गच्चीवरून ऐकू येणारं एक स्टेशन गाडीत येईचना. एकेक फ्यूज काढत गेलो. चोर निघाला मोबाइल चार्ज करायचा यूएसबी खुंटा, रस्त्यावर शेदीडशेला मिळतो तसला. तो काढला की स्टेशन स्वच्छ, खुपसला की गायब. एवढासा प्लास्टिकचा तुकडा पन्नास वॅटच्या सेटला बहिरा करतो, कारण बोलण्याची ताकद कितीही असली तरी ऐकायचं असतं ते मुंगीच्या पावलांचं. मित्राने तो खुंटा बदलला, केबलवर फेराइटच्या गोट्या चढवल्या. डॅशकॅम लावायचा विचार त्याने तूर्त सोडून दिला आहे.

एवढ्यावर भागलं असतं, पण मित्राला 7 मेगाहर्ट्झही हवं होतं. त्याचं कारण खरं आहे. 145ची लहर नजरेसारखी सरळ जाते, कोयनेच्या खोऱ्यात ती डोंगराला धडकून थांबते. 7 मेगाहर्ट्झची लहर वर फेकली तर दिवसा आयनांबरावरून परतून डोंगरापलीकडे उतरते. अडचण लांबीची. तिथे चतुर्थांश म्हणजे साडेदहा मीटर. गाडीवर मावते दोन मीटरची काठी, मग उरलेली लांबी तारेचं वेटोळं घालून भरून काढायची. अशा काठीतून बरीचशी शक्ती वेटोळ्यात आणि जमिनीत उष्णता होऊन जाते. जी उरते ती वाचवायची तर गाडीचं सगळं लोखंड एक करावं लागतं. कॅम्परची केबिन चासीवर रबरी बुशांवर बसते, हौदा वेगळ्या बोल्टांनी, सायलेन्सर रबरी कड्यांना लटकलेला. दिसायला एक गाडी, विजेच्या हिशोबाने तीन-चार बेटं. तांब्याच्या जाळीदार पट्ट्यांनी आम्ही ती जोडली. सायलेन्सर जोडल्यावर सेटमध्ये ऐकू येणारी इंजिनाची गुरगुर लक्षात येईल इतकी कमी झाली. शिवाय काठी ताठ उभी असली की लहर वर न जाता क्षितिजाकडे पळते, म्हणून गाडी उभी असताना काठी मागे वाकवून हौद्याच्या कडीला दोरीने बांधतो. दिसायला वेडगळ दिसतं. कऱ्हाडशी बोलणं होतं.

चाचणीसाठी पाटणकडे निघालो. मामा हट्टाने बरोबर आले. कऱ्हाडचे एक ज्येष्ठ हॅम काका घरून ऐकत होते. खोऱ्यात शिरल्यावर 145वर त्यांचा आवाज फाटला, एका वळणावर पुरता गेला, पुढच्या खिंडीत परत आला. सडावाघापूरच्या पठारावर पवनचक्क्यांजवळ थांबलो तर इतका स्वच्छ की मामांनी डॅशबोर्डवरच्या तोंडवळ्याकडे वाकून पाहिलं.

“दादा, माझ्या पुतण्याच्या टेम्पोत बशीव की असला एक. भाडं ठरवायला बरं.”

मित्राने समजावलं. आधी दूरसंचार खात्याची परीक्षा, मग लायसन्स, मग स्वतःची कॉलसाइन. आणि भाडं, धंदा, पैसा यातलं काहीही यावर बोलायचं नाही, तो गुन्हा.

“मग एवढा खटाटोप करून बोलायचं काय रं?”

मित्र उत्तर देणार तेवढ्यात कऱ्हाडचे काका सेटवरून विचारायला लागले की टपावरची काठी पाव लहरीची लावलीत की पाच अष्टमांश, आणि भोक पाडलंत का चुंबकावर भागवलंत.