ऊसवाहतुकीत जीपीएस आलं, पण ट्रॅक्टरची खेप वाढते कशी?

सातारा जिल्ह्यात रेठरे बुद्रुकचा कृष्णा, सांगली जिल्ह्यात साखराळेचा राजारामबापू. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात असे मोठे सहकारी साखर कारखाने आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की इथल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. कोणती गाडी कोणत्या फडात पाठवायची, हे कारखान्याचं गट कार्यालय चिठ्ठी आणि फोनवरून ठरवायचं. आता राज्यातले काही कारखाने त्यासाठी मोबाईल अ‍ॅप आणि जीपीएस वापरतात. त्याने नेमकं काय बदलतं?

वेळ कुठे जातो?

वाहतूकदाराला पैसे मिळतात ते टन आणि अंतरावर, थांबण्याचे नाही. समजा, एका खेपेला भरणीचे 4 तास, येण्याजाण्याचे 2 आणि केनयार्डात नंबर लागून गाडी रिकामी होईपर्यंत 6 तास लागले. म्हणजे दिवसाला 2 खेपा. ट्रॅक्टर कितीही पळवला तरी तिसरी खेप होणार नाही. यार्डातले 6 तास 2 वर आले, तर मात्र होते.

म्हणजे गाडी नकाशावर दिसणं पुरेसं नाही. यार्डात गर्दी असेल तर पुढची तोड थांबवायची, रांग ओसरू लागली की जवळच्या फडातली गाडी आधी बोलवायची, हे त्या माहितीवरून ठरलं तरच उपयोग.

फायदा कुणाला?

तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं आणि साखर उताराही. वजन शेतकऱ्याचं जातं, उतारा कारखान्याचा. तोडणी टोळीलाही मजुरी टनावरच मिळते. रिकामी गाडी वेळेत आली, तर थंडीत रात्रीची भरणी टळते.

उरलेल्या गाड्यांचं काय?

कारखान्याची गाळप क्षमता मात्र ठरलेली असते. समजा, दिवसाला 5,000 टन गाळप आणि खेपेला 20 टन ऊस, म्हणजे 250 खेपा. दिवसाला 2 खेपा झाल्या तर 125 ट्रॅक्टर लागतात, 3 झाल्या तर 84 पुरतात. उरलेल्या 41 ट्रॅक्टरांचे हप्ते कुणी फेडायचे, हे अ‍ॅप सांगत नाही.

तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो तो शेतकऱ्याच्या ऊसबिलातून. कमी गाड्यांत काम होऊनही प्रतिटन दर तोच राहिला, तर त्या बिलात काहीच फरक पडत नाही.