शाळेतील विद्यार्थी मंडळ : नेतृत्व आणि सातत्य

माध्यमिक शाळेत विद्यार्थी मंडळ स्थापन करणे अवघड नाही. जूनमध्ये शाळा उघडते, जुलैत एखादा उत्साही शिक्षक पुढाकार घेतो, अध्यक्ष-चिटणीस निवडले जातात, उद्घाटनाला पाहुणे येतात, हारतुरे होतात. दिवाळीच्या सुटीनंतर मात्र मंडळाचे नाव तेवढे फलकावर उरते. याचा दोष मुलांच्या आळसाला देऊन आपण मोकळे होतो. खरे कारण शाळेच्या रचनेतच आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय मंडळ टिकविण्याची भाषा व्यर्थ आहे.

आठवीतला मुलगा वर्षभर बुजलेला असतो, नववीत तो बोलू लागतो आणि दहावीत शालान्त परीक्षेच्या दडपणाखाली जातो. म्हणजे नेतृत्व करायला त्याला जेमतेम दीड वर्ष मिळते. ज्या संघटनेचा नेता लवकरच जाणार हे आधीपासूनच ठरलेले आहे, तिने त्याच्या जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून केली पाहिजे. आपल्या जयंत्यांचेच पाहा. ११ एप्रिलला महात्मा फुले यांची आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा देऊन दहावीची मुले तोवर शाळेबाहेर गेलेली असतात. एप्रिलचा कार्यक्रम नववीच्या मुलांनी उभा केला, तर मंडळ जिवंत आहे. शिक्षकांनी उरकला, तर ते संपले आहे. म्हणून सूत्रे सोपविण्याचा दिवस २६ जानेवारी हाच असावा. जुन्या चिटणिसाने सर्वांसमक्ष हिशेब वाचावा आणि वही नव्याच्या हाती द्यावी.

ही वही क्षुल्लक नव्हे. सभा केव्हा झाली, कोण बोलले, काय ठरले, किती पैसे जमले, कोणते पुस्तक कोणाकडे आहे, एवढे तिच्यात असले तरी पुरे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुलांनी स्वतःच्या कामाची नोंद स्वतःच्या हाताने करणे हे स्वयंनिर्णयाचे शिक्षण आहे.

अशा कामाची परंपरा आपल्याकडे आहे. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. तेथील विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालविले. राहण्या-जेवण्याची सोय झाली की काम संपले, असे सभेने मानले नाही. त्या मुलांनी वाचावे, लिहावे, समाजसेवेची ओढ धरावी, हाही तिचा हेतू होता. त्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना विचार झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

मंडळाच्या आत काय चालते हा प्रश्न मात्र याहून कठीण आहे. सतरंज्या कोण घालतो, पाणी कोण आणतो, कार्यक्रमानंतर केर कोण काढतो, आणि ध्वनिक्षेपकासमोर कोण उभा राहतो? ही कामे पाळीने केली नाहीत, तर गावातली उतरंड शाळेच्या मंडळात न सांगता येऊन बसते. दलित मुलगा सतरंज्या उचलतो, वरच्या जातीतला मुलगा समतेवर भाषण करतो, मुली स्वागतगीत म्हणतात आणि वक्ते समाधानाने घरी जातात! यावर उपाय साधा आहे. दर महिन्याला कामांचा तक्ता भिंतीवर लावावा. ज्याने या महिन्यात भाषण केले, त्याने पुढच्या महिन्यात केर काढावा. अध्यक्षही यातून सुटता कामा नये.

मुलींचा सहभाग बहुधा वेळेवर अवलंबून असतो. शाळा सुटल्यावर सभा ठेवली की बाहेरगावच्या मुली एस.टी. चुकेल म्हणून निघून जातात. मग ‘मुली पुढे येत नाहीत’ अशी तक्रार करायला आपण मोकळे! मधल्या सुटीतली वीस मिनिटांची सभाही पुरते. एका वेळी एकच विषय घ्यावा. पुस्तकाची चार पाने वाचावीत, दोघांनी बोलावे, एकाने प्रश्न विचारावा. महिन्याला एक भित्तिपत्रक निघाले, तरी वर्षअखेर हस्तलिखिताचा मजकूर हाती असतो. वर्गणी मात्र सक्तीची नसावी. दोन रुपयांसाठी ज्याला मान खाली घालावी लागते, तो पुन्हा मंडळात येत नाही.

राहिला शिक्षकाचा प्रश्न. त्याने मागच्या बाकावर बसावे. भाषण लिहून देणे सोपे असते, अडखळणाऱ्या मुलाला बोलू देणे कठीण असते. पण शिक्षण त्या अडखळण्यातच आहे. चांगला वक्ता असलेला एकच विद्यार्थी दर वेळी पुढे करण्याचा मोहही टाळला पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेचा धोका दाखवून दिला. ती सवय शाळेतच लागू शकते, आणि मोडायचीही तिथेच.

दहावीनंतर आपली कितीतरी मुले शिक्षणातून गळतात. मजुरीला जातात, कारखान्यात लागतात. त्यांच्या आयुष्यात सभा चालविण्याचा, हिशेब मागण्याचा आणि मतभेद बोलून दाखविण्याचा अनुभव कदाचित शाळेतल्या या मंडळातच येतो. तो त्यांना खऱ्या अर्थाने मिळाला, तर उद्या ग्रामसभेत ती मागच्या रांगेत गप्प बसणार नाहीत. एवढ्यासाठी तरी ती वही या हातातून त्या हातात जात राहिली पाहिजे.